नववीचं वर्ष

मार्कलिस्ट बन्सीलालच्या सदऱ्याच्या खिशात होतं. धुळ्याहून गावच्या घरी सोनगीरला येताना एस.टी.त त्याने ते दोनदा बाहेर काढून पाहिलं आणि दोन्ही वेळा घडी आधीपेक्षा लहान करून आत ठेवली.

त्याच्या आईला, भागाबाईला, जाऊन त्या दिवशी वर्ष पुरं झालं होतं. सकाळी तिच्या फोटोपुढे मेणबत्त्या लावल्या, त्रिसरण-पंचशील झालं, गल्लीतली माणसं खीर-पुरी खाऊन गेली. दुपारी घरचीच माणसं उरली. धाकटा पितांबर आणि त्याची बायको रुक्माबाई दोंडाईच्याहून आले होते. बहीण ताईबाई चोपड्याहून दवाखान्यातली एक दिवसाची रजा टाकून आली होती. बन्सीलालसोबत त्याची बायको सुमनबाई होती, आणि सुनंदा. सुनंदा पितांबरची मुलगी. पण सातवीपासून ती धुळ्याला बन्सीलालच्या घरी वाढली, त्यामुळे कुठे जाताना तिची पिशवी कोणी भरायची, हे दोन्ही घरांत नक्की नसे.

"पितांबर, बस जरा," बन्सीलाल म्हणाला. "पोरीचं ठरवून टाकू. पुन्हा सगळे कधी एकत्र येणार?"

पितांबर उंबऱ्याजवळ बसला. मोठा भाऊ खाटेवर असला की तो नेहमी तिथेच बसायचा. चौदाव्या वर्षापासून तो दोंडाईच्याच्या मिरचीबाजारात पोती उचलत होता, तेव्हा कुठे बन्सीलाल मॅट्रिक होऊन जिल्हा परिषदेत चिकटला. मिरचीने पितांबरचे डोळे बाराही महिने लाल असत. अनोळखी माणसाला वाटे, हा आत्ताच रडून आलाय.

बन्सीलालने मार्कलिस्ट उलगडलं. "सेहेचाळीस टक्के. गणितात पस्तीस. पस्तीस म्हणजे तपासणाऱ्याने ढकललं. नववीत एकदा नापास झाली, तेव्हा वाटलं दहावीला सुधारेल. आमच्याकडे काय कमी होतं तिला? टेबल होतं, लाईट होता, मागेल ते पुस्तक होतं."

सुमनबाई स्वयंपाकघरात खिरीचं पातेलं घासत होती. टेबल होतं, हे खरं होतं. तिने स्वतः पसंत करून आणलं होतं, मूलबाळ नसलेल्या घरात शाळेचं दप्तर येणार म्हणून. पण नववीच्या दिवाळीआधी भागाबाईचं उजवं अंग गेलं, आणि त्यानंतर त्या टेबलावर औषधाच्या बाटल्या, पावडरचा डबा आणि जुन्या लुगड्यांच्या घड्या राहिल्या. सुनंदा खाली जमिनीवर बसून लिहायची. सुमनबाईने राखेचा हात पातेल्यावर फिरवला आणि कान बाहेर ठेवला.

"माझं म्हणणं असं," बन्सीलाल पुढे म्हणाला, "तिला दोंडाईच्याला आर्ट्सला टाकू. घरून जाईल-येईल. शिंदखेड्याचं एक स्थळ आहे, मुलगा एस.टी.त कंडक्टर. दोन वर्षं थांबायला तयार आहेत."

"पोर आते मन्हाजोडे राही," रुक्माबाई लगेच म्हणाली. तिला कंडक्टरपेक्षा 'दोंडाईचा' एवढाच शब्द ऐकू आला होता. पाच वर्षं तिने मुलीला दिवाळी आणि मे महिन्यात पाहिलं होतं.

"भाऊ, तू म्हनशी तसं," पितांबर म्हणाला.

ताईबाई भिंतीला टेकून सुपारी कातरत होती. नवऱ्याने सोडल्यावर तिने एकटीने नर्सिंग केलं होतं. तेव्हापासून भावांच्या बैठकीत ती उशिरा बोलायची, पण बोलायची.

"सायन्सला का नको?"

"सेहेचाळीस टक्क्यांवर सायन्सला कोण घेतं, ताईबाई?"

"आमच्याकडे चोपड्याला घेतात. सायन्सच्या जागा भरत नाहीत तिथे. आणि भाऊ, एकदा बारावी झाली की दहावीचं कोणी विचारत नाही. पुढच्या कोर्सला बारावीचे तीन विषय धरतात. फिजिक्स, केमिस्ट्री, बायॉलॉजी. माझ्या डॉक्टरीणबाईच दहावीला जेमतेम पास होत्या."

"त्या डॉक्टरीणबाई. हिला गोडी तर पाहिजे ना. अभ्यासाची गोडीच नाही हिला. पाच वर्षं बघतोय मी."

माठाजवळ सुनंदा बसली होती. आपल्याबद्दल चाललेलं बोलणं ती शेजारच्या घरातलं असावं तसं ऐकत होती. धुळ्यात तिला ही सवय लागली होती. सगळे बोलत, ती ऐके, आणि कोणाला पाणी हवं असलं की तिचं नाव निघे.

"सुनंदा," ताईबाई म्हणाली, "तू सांग. तुला काय व्हायचंय?"

"आजीचे हात हलवायला ते सर यायचे ना सिव्हिलमधून. आठवड्याला एकदा. त्यांचं जे शिक्षण असतं, ते."

"मालिशवाला?" बन्सीलालने विचारलं.

"मालिश नाही, नाना. कुठला स्नायू कुठे धरायचा, किती वेळा, ते सगळं त्यांना माहीत होतं. त्यांनी मला शिकवलं. मग मी रोज करायचे. मार्चमध्ये आजीने वाटी धरली होती. दोन दिवस धरली."

आईने वाटी धरली होती, हे तिन्ही भावंडांना आत्ता कळत होतं.

"फिजिओथेरपी म्हणतात त्याला," ताईबाई हळू आवाजात म्हणाली. "नागपूरला कोर्स आहे. बारावी सायन्सवर."

"बरं, आहे," बन्सीलाल म्हणाला. "पण गणितात पस्तीस घेऊन फिजिक्स कसं करणार ती? नववीचा गणिताचा पेपर तिने दिलाच नाही. मैत्रिणींसोबत कुठे भटकत होती. शाळेने उशीर झाला म्हणून आत घेतलं नाही. मी पितांबरला मुद्दाम सांगितलं नव्हतं, वाईट वाटेल म्हणून."

पितांबरने मान वर करून मुलीकडे पाहिलं. सुनंदाने माठावरचं झाकण सरळ केलं. तिने तेव्हाही काही सांगितलं नव्हतं आणि आताही ती सांगणार नव्हती. सुमनबाईला दारातून तिची फक्त पाठ दिसत होती. नाकारायला एक शब्द पुरला असता. पोरगी तो उच्चारत नव्हती, आणि कोणासाठी उच्चारत नव्हती हे सुमनबाईला माहीत होतं.

ती ओल्या हातांनी बाहेर आली.

"भटकत नव्हती ती," सुमनबाई म्हणाली. "मी अमळनेरला गेले होते. माझ्या मावसबहिणीकडे लग्न होतं. सकाळच्या गाडीने गेले. पेपर आहे हे ती आदल्या दिवशी बोलली होती. मी म्हटलं, शेजारच्या बेबाबाईंना बसव सासूबाईंजवळ. बेबाबाई गावाला गेल्यात हे मी पाहिलंच नाही. सासूबाईंनी अंथरूण खराब केलं, ही त्यांना तसं टाकून कशी जाईल? सगळं धुऊन, त्यांना भरवून, कोणी मिळेपर्यंत दीड तास गेला."

"मग तू मला..."

"मी तुम्हाला खोटं सांगितलं. तुम्ही लग्नाला जाऊ नको म्हटलं होतं." सुरुवात झाल्यावर पुढचं आपोआप येत गेलं. "आणि तो एकच दिवस नाही. माझी बालवाडी साडेबाराला सुटायची, हिची शाळा बाराला भरायची. मी आल्याशिवाय हिला निघता यायचं नाही. पहिले दोन तास बुडायचे. पहिला गणिताचा, दुसरा शास्त्राचा. वर्षभर. दुसऱ्यांदा नववीत बसली तेव्हाही तेच."

बाहेर आग्रा रोडवर एक ट्रक गियर बदलत चढ चढला.

"माले काबरं सांगं नही, बेटा?" पितांबरने विचारलं.

"कोणी विचारलंच नाही, आबा," सुनंदा म्हणाली. तिच्या आवाजात राग नव्हता. तेच ऐकायला सगळ्यांना जड गेलं.

आता सगळे ताईबाईच्या बाजूने होतील असं सुमनबाईला वाटलं होतं. झालं उलटंच. रुक्माबाई उठली आणि मुलीच्या शेजारी जाऊन बसली.

"शिकाले पाठाडी व्हती मी," ती म्हणाली. "आते कोनाकडेच नही धाडाव. तू बी तिले रांधालेच लई जाशी ना, अक्का?"

ताईबाईचा अडकित्ता थांबला. दवाखान्याच्या आवारातली तिची दोन खोल्यांची क्वार्टर, दुपारपाळीहून परतल्यावर स्वतःच उघडायचं कुलूप, एका माणसापुरतं पीठ. रुक्माबाईने न पाहता नेमकं बोट ठेवलं होतं.

"ती आली तर माझ्या घरात माणूस येईल," ती म्हणाली. "मला ते हवंय, खोटं कशाला बोलू? पण चुलीला हात लावू देणार नाही मी तिला. हा माझा शब्द."

बन्सीलाल खाटेवर मार्कलिस्टची घडी करत होता. अशा वेळी घरातला निर्णय त्याच्याकडे यायचा. या वेळी तो आला नाही, उंबऱ्याकडे गेला. पितांबर लाल डोळ्यांनी मुलीकडे बघत होता.

"तुले जानं शे का?"

"हो. पण मला आधी आठवीपासूनचं गणित करावं लागेल, आबा. मला काहीच येत नाही."

पितांबरने टोपी काढून गुडघ्यावर ठेवली. "आजपावत तू म्हने तसं व्हयनं, भाऊ. आज मी सांगस. जाऊ दे तिले."

रुक्माबाईने पदर तोंडाला लावला आणि तोंड भिंतीकडे केलं. निघेपर्यंत ती नवऱ्याशी बोलली नाही.

परतीच्या एस.टी.त बन्सीलाल आणि सुमनबाई एकाच बाकावर बसले, मध्ये रिकामी पिशवी. सुनंदा आईबापाबरोबर गेली होती. सुमनबाई वाट पाहत होती, तो काय बोलतो याची. त्याला बरंच बोलायचं होतं. लग्नाचं, खोट्याचं, भावासमोर मान खाली गेल्याचं. देवभाने गाव मागे पडलं तेव्हा त्याला शाळेचं कॅलेंडर, ती सूचनांची छोटी वही, आठवलं. 'आपली पाल्य आज उशिरा आली', खाली पालकांची सही. सकाळी तो ऑफिसला निघताना सुनंदा ते पुढे करायची आणि तो पायात चपला सरकवत सही करायचा. कधी एक, कधी आठवड्याच्या पाच एकदम. अक्षर नीट यावं म्हणून तो कॅलेंडर भिंतीला टेकवून धरायचा. त्याने एकदाही वरची ओळ वाचून 'का' असं म्हटलं नव्हतं.

धुळं येईपर्यंत तो खिडकीबाहेर बघत राहिला. घराचं कुलूप उघडल्यावर त्याने सगळ्यात आधी ते टेबल पुसलं. सुमनबाईने चहा ठेवला. दोघांनी तो वेगवेगळ्या खोल्यांत घेतला.

चोपड्याला ताईबाईने आपला शब्द अक्षरशः पाळला. ड्यूटी सकाळची असली तर ती पहाटे उठून पोळ्या करून ठेवी. सुनंदाला ताटही उचलू देत नसे. रुक्माबाईचं वाक्य त्या दोन खोल्यांत तिसऱ्या माणसासारखं राहत होतं. एकीचं जेवण दुपारी दीडला, दुसरीचं साडेतीनला. "अभ्यास कर" आणि "केला, फुई" यापलीकडे आत्या-भाचीचं बोलणं होत नसे.

कॉलेजात सुनंदा वर्गापेक्षा एका वर्षाने मोठी होती. केळीच्या बागायतदारांच्या मुली सायकलवरून येत, घोळक्याने जात. त्या वाईट नव्हत्या, फक्त एकमेकींना लहानपणापासून ओळखत होत्या. सहामाहीला तिला फिजिक्समध्ये पन्नासपैकी नऊ मिळाले. तिने आबांना पत्र लिहिलं, 'मला घ्यायला या', आणि ते केमिस्ट्रीच्या वहीत ठेवलं. पोस्टाची पेटी दवाखान्याच्या फाटकालाच होती. तिथून ती रोज चार वेळा गेली, पण पत्र टाकलं नाही.

दवाखान्यात पाय दाखवायला येणारे गणिताचे झुलाल मास्तर निवृत्त झाले होते. सुनंदाला शिकवाल का, असं ताईबाईने त्यांना विचारलं. मास्तर म्हणाले, "पाठव, पण अकरावीचं पुस्तक आणू नको म्हणावं. आठवीचं आण." पहिल्या दिवशी त्यांनी तिला पेन्सिल दिली. "जिथे कळत नाही तिथे फुली मार. लपवायचं नाही. लपवलंस की माझा वेळ जातो." पहिल्या महिन्यात पानापानावर फुल्या होत्या. अपूर्णांक, समीकरणं, गुणोत्तर, जे गणित ती आजीचं अंग पुसत असताना दुसऱ्या मुलींनी केलं होतं. मास्तर कधी शाबास म्हणाले नाहीत. फुली खोडायला मात्र ते स्वतःचा खोडरबर देत.

एका रविवारी ताईबाई ड्यूटीवरून आली तर घरात भाकरीचा वास होता. ती दारातच थांबली.

"मी काय सांगितलं होतं तुला?"

"मला करू द्या, फुई," सुनंदा तव्यावरून भाकरी उतरवत म्हणाली. "हात रिकामे राहिले की मन घरी जातं. आजी होती तेव्हा एवढं जात नव्हतं. कोणीतरी माझी वाट बघायचं."

ताईबाईने पर्स खुंटीला लावली. चुलीला हात लावू न देणं म्हणजे पोरीला सांभाळणं, असं ती सव्वा वर्ष समजत आली होती. ती पाटावर बसली. "वाढ," ती म्हणाली. "दोघींना वाढ."

त्या दिवसापासून आठवड्यातून दोन-तीनदा तरी त्या एकत्र जेवू लागल्या. एकाकीपण कमी झालं असं नाही, पण ते दोघींच्या परिचयाचं झालं.

बारावीचा निकाल नव्वदच्या जूनमध्ये लागला. तीन विषयांत तीनशेपैकी दोनशे चौदा. झुलाल मास्तरांनी कागद डोळ्यांजवळ नेला, लांब धरला आणि म्हणाले, "फिजिक्सचे मार्क कुठे गेले ते मला माहीत आहे." नागपूरचा फॉर्म बन्सीलालने आणला. साहेबांना सांगून, माणूस धाडून मिळवला आणि चोपड्याला स्वतः घेऊन आला. फाटकात सुनंदाच्या हातात देऊन चहाही न घेता पुढच्या गाडीने परत गेला. फॉर्ममध्ये पेन्सिलीने त्याने जागोजागी खुणा केल्या होत्या, काय कुठे लिहायचं त्याच्या. फॉर्मखाली एक चिठ्ठी होती, सुमनबाईच्या अक्षरात. 'जाण्याआधी येऊन जा. स्वयंपाक मी करीन.'

पहिल्या यादीत तिचं नाव नव्हतं. दुसऱ्या यादीत खालून चौथं होतं.

नागपूरला पितांबर तिच्यासोबत आला. भुसावळच्या पुढे तो आयुष्यात पहिल्यांदाच जात होता. धुवून कडक केलेला सदरा त्याने गाडीत पाठ न टेकता जपला. कचेरीतल्या कारकुनाने कागद एकेक करून पाहिले. दहावीच्या मार्कलिस्टवर त्याने फक्त जन्मतारीख तपासली आणि ते उलटं ठेवलं. सुनंदाने बापाकडे पाहिलं. त्याला त्यातलं काही कळलं नव्हतं. तो कारकुनाला हात जोडून उभा होता.

वसतिगृहात पुरुषांना फाटकापर्यंतच जाता येत होतं. परतीची गाडी दुपारचीच होती. दोंडाईच्यात मिरचीची आवक सुरू झाली होती, रजा एका दिवसाची.

"जेवत जाय," पितांबर म्हणाला.

"हो."

"पत्र टाकत जाय. तुन्ही माय वाचाडी लेई कोनाकडथून."

"हो, आबा. स्टेशनचा रस्ता लक्षात आहे ना?"

"शे ना. येताना पाहिला."

तो निघाला. ती जिना चढून वरच्या खोलीत गेली. खोलीत तीन खाटा होत्या, दोन अजून रिकाम्या. खिडकीतून फाटकासमोरचा रस्ता दिसत होता. पितांबर हातातली पिशवी काखेत मारून झपाझप चालला होता, आणि तो डावीकडे वळला होता. स्टेशन उजवीकडे होतं.

तिने खिडकीचे गज धरले. हाक मारली असती तर खालच्या पहारेकऱ्याने, व्हरांड्यातल्या मुलींनी, सगळ्यांनी वर पाहिलं असतं. आणि त्यानेही. ती तशीच उभी राहिली. कोपऱ्यावरच्या पानटपरीपाशी तो दिसेनासा झाला.

पंधरा मिनिटांनी तो परत येताना दिसला. कोणाला तरी विचारलं असणार. रस्त्याच्या पलीकडच्या कडेने, झाडांच्या आडून येत होता. वसतिगृहासमोर आल्यावर त्याने टोपी पुढे ओढली आणि मान खाली घालून चालण्याचा वेग वाढवला.

सुनंदा खिडकीतून मागे सरली. त्याने चुकून वर पाहिलंच, तर आपण दिसू नये म्हणून ती भिंतीला पाठ लावून उभी राहिली आणि तो स्टेशनच्या रस्त्याला लागला असेल तेवढा वेळ मनातल्या मनात मोजत राहिली.